इटलीतील ध्वजफेक : एका नगरकलेचे पुनरुज्जीवन

सिएना या इटालियन नगराच्या मध्यभागी शिंपल्याच्या आकाराचा एक उतरता चौक आहे. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दोन दिवशी तेथे घोड्यांची शर्यत होते. तिला 'पालिओ' म्हणतात. शर्यत जेमतेम दीड मिनिट चालते. तिच्यापूर्वी निघणारी मिरवणूक मात्र बराच वेळ चौकाला प्रदक्षिणा घालीत असते. या मिरवणुकीत नगरातील प्रत्येक विभागाचे एक पथक असते. अग्रभागी ढोलवादक आणि त्याच्यामागे दोन ध्वजधारी, असा पथकाचा क्रम असतो. ठरलेल्या जागी पथक थांबते, ढोलाची लय बदलते आणि ते दोघे तरुण हातातील रेशमी ध्वज फिरवू लागतात. ध्वज कमरेभोवती फिरतो, पायाखालून निघतो, मानेभोवती वेढा घेऊन पुन्हा हातात येतो. शेवटी दोघेही आपापला ध्वज एकाच क्षणी उंच फेकतात. दोन्ही ध्वज हवेत एकमेकांना ओलांडतात आणि एकाचा ध्वज दुसऱ्याच्या हाती येतो. तेवढा क्षण सारा चौक श्वास रोखून असतो; कारण ध्वज जमिनीवर पडणे ही त्या विभागाची नामुष्की समजली जाते.

इटलीतील अनेक नगरांतून आज ही कला जोपासली जाते. तेथील उत्सवांत ध्वजफेकीच्या पथकांना मानाचे स्थान असते आणि प्रवाशांसाठी छापलेल्या पत्रकांत तिला सरसकट 'मध्ययुगीन' म्हटलेले असते. हे विशेषण पूर्णपणे चुकीचे नाही; पण ते अर्धेच खरे आहे. ध्वजाविषयीची भावना मध्ययुगातील आहे. ध्वज फेकून झेलण्याची विद्या त्यानंतरच्या काळातील आहे. आणि आज दिसणारी बहुतेक पथके विसाव्या शतकातील आहेत. हे तीन धागे एकमेकांत कसे गुंफले गेले, हे समजून घेतल्यावाचून या कलेचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

नगरराज्यांचा ध्वज

अकराव्या शतकापासून उत्तर आणि मध्य इटलीतील नगरे हळूहळू स्वतंत्र होऊ लागली. सम्राट दूर होता आणि सरंजामदार आपापसांत लढत होते. अशा स्थितीत व्यापारी, कारागीर आणि लहान सरदार यांनी एकत्र येऊन आपले राज्य आपणच चालविण्यास आरंभ केला. या नगरांना राजा नव्हता. त्यामुळे राजाच्या ठायी जी निष्ठा वाहावयाची, ती वाहण्यासाठी त्यांना दुसरे काही प्रतीक हवे होते. ते स्थान ध्वजाने घेतले.

मिलानचा आर्चबिशप आरिबेर्तो याने अकराव्या शतकात एक नवा प्रघात पाडल्याचे सांगतात. बैलांनी ओढावयाच्या एका मोठ्या गाड्यावर नगराचा ध्वज उभारून तो गाडा सैन्याबरोबर रणांगणावर नेण्यात येऊ लागला. 'कार्रोच्चो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यावर धर्मवेदी आणि घंटाही असे. सैनिकांनी गाड्याभोवती फळी धरून लढावयाचे आणि प्राण गेले तरी तो शत्रूच्या हाती पडू द्यावयाचा नाही, अशी रीत होती. २९ मे ११७६ रोजी लेन्यानो येथे लोंबार्दीच्या नगरसंघाने सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पराभव केला. पुढील पिढ्यांच्या स्मृतीत त्या लढाईचे जे चित्र उरले, त्याच्या केंद्रस्थानी हा ध्वजाचा गाडाच होता.

गाडा गमावणे म्हणजे काय, हे मिलानला १२३७ मध्ये कळले. बार्बारोसाचा नातू दुसरा फ्रेडरिक याने कोर्तेनुओवा येथील लढाईत मिलानचा गाडा हस्तगत केला आणि आपल्या पदरी असलेल्या हत्तीला जुंपून क्रेमोना शहरातून त्याची धिंड काढली. पुढे तो विजयचिन्ह म्हणून रोमला पाठविण्यात आला. शत्रूचा नगरध्वज अशा रीतीने मिरविण्यामागे त्या नगराचा मान सर्वांसमक्ष हिरावून घेण्याचा हेतू उघड होता.

यानंतर तेवीस वर्षांनी, ४ सप्टेंबर १२६० रोजी, सिएनाजवळील मोंताप्पेर्ती येथे फ्लॉरेन्स आणि सिएना यांची सैन्ये समोरासमोर आली. फ्लॉरेन्सच्या बाजूचा बोक्का देल्यी आबाती हा सरदार आतून शत्रूला मिळालेला होता. ऐन चकमकीत त्याने स्वतःच्याच सैन्यातील ध्वजधाऱ्याचा हात तोडला. ध्वज खाली येताच फ्लॉरेन्सच्या सैनिकांत गोंधळ उडाला आणि पाहता पाहता त्यांची वाताहत झाली, असे जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. कवी दान्ते याने आपल्या महाकाव्यात या बोक्काला नरकाच्या तळाशी, गोठलेल्या बर्फात रुतलेल्या देशद्रोह्यांच्या पंक्तीत बसविले आहे. धूळ आणि गोंगाट यांनी भरलेल्या रणांगणावर सेनापतीचा आवाज पोचत नसे. आपले लोक कोठे आहेत, पुढे जावयाचे की मागे फिरावयाचे, हे सैनिकाला ध्वजावरूनच कळे. ध्वज पडला की सैन्याचे डोळेच गेले.

नगराच्या मुख्य ध्वजाखेरीज प्रत्येक वस्तीचाही ध्वज असे. फ्लॉरेन्समध्ये १२५० साली सामान्य नागरिकांनी सत्ता हाती घेतली तेव्हा नगराचे वीस लढाऊ तुकड्यांत विभाजन करण्यात आले आणि प्रत्येक तुकडीला तिचे निशाण देण्यात आले. एका आळीत राहणारे लोक एकाच निशाणाखाली लढत. शेजार आणि सैन्य यांची ही सांगड या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण पुढे सैन्य नाहीसे झाले तरी शेजार टिकला आणि शेजाराबरोबर त्याचे निशाणही टिकले.

ध्वजधाऱ्याची विद्या

मध्ययुगातील ध्वज असा मानाचा आणि जीवनमरणाचा विषय होता. परंतु तो हवेत फेकून झेलण्याच्या कौशल्याची सविस्तर वर्णने मध्ययुगातील नव्हेत. ती त्यापुढच्या काळातील आहेत. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत युरोपातील युद्धपद्धती बदलली. चिलखती घोडेस्वारांची जागा लांब भाले आणि बंदुका घेतलेल्या पायदळाने घेतली. हे पायदळ तुकड्यांत विभागलेले असे आणि प्रत्येक तुकडीबरोबर एक ढोल व एक ध्वज असे. इटालियन भाषेत अशा ध्वजधाऱ्याला 'आल्फिएरे' म्हणत. घोडेस्वार या अर्थाचा मूळ अरबी शब्द स्पॅनिश भाषेतून इटलीत आला, अशी या शब्दाची व्युत्पत्ती देतात. बुद्धिबळाच्या पटावर ज्याला आपण उंट म्हणतो त्यालाही इटलीत 'आल्फिएरे' हेच नाव आहे. त्याची कथा वेगळी आहे. भारतातून इराण आणि अरबस्तानमार्गे युरोपात गेलेल्या या खेळात त्या घरात मुळात हत्ती होता. हत्ती या अर्थाचा अरबी शब्द इटालियन कानांना 'आल्फिएरे'सारखा वाटला आणि पटावरील हत्तीचा ध्वजधारी झाला.

ध्वजधारी होणे हे धोक्याचे काम होते. त्याच्यावर शत्रूचा रोख सर्वाधिक असे आणि त्याचा एक हात ध्वजात गुंतलेला असे. म्हणून त्याला एका हाताने ध्वज पेलता येईल असा सराव करावा लागे. ध्वज एका हातातून दुसऱ्या हातात घेणे, तो डोक्यावरून व पाठीमागून फिरविणे, दुसऱ्या हाती तलवार असताना त्याचा तोल सांभाळणे, या क्रियांचा हळूहळू एक अभ्यासक्रम तयार झाला. पादुआ येथील उमरावांच्या 'देलिआ' नावाच्या विद्यालयात शस्त्रविद्या शिकविणारा आल्फिएरी नावाचा एक गुरू होता. त्याने १६३८ मध्ये 'ला बांदिएरा', म्हणजे 'ध्वज', या नावाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याचे आडनावच 'ध्वजधारी' असे आहे त्याने ध्वजावर ग्रंथ लिहावा, हा योगायोग गमतीचा होय. पुढे १६४१ मध्ये भाल्यावरील विवेचन जोडून या विषयाचा आणखी एक ग्रंथ त्याने छापला. जर्मनीतही सतराव्या शतकाच्या आरंभी याच विषयावर पुस्तक निघाले होते. यावरून ही विद्या केवळ इटलीची नव्हती, तर पायदळाबरोबर युरोपभर पसरलेली होती, हे स्पष्ट होते.

या ग्रंथांतील ध्वज हा युद्धोपयोगी वस्तू राहिलेला असला तरी त्याला शोभेचे रूप येऊ लागले होते. तरुण उमरावाने घोडा, तलवार आणि नृत्य यांबरोबर ध्वजही डौलाने चालवावा, अशी अपेक्षा होती. पुढे संगिनीच्या बंदुका आल्या, सैन्य सरळ रांगांत उभे राहून लढू लागले आणि ध्वज रांगेच्या मध्यभागी स्थिर राहिला. तेव्हा ध्वज खेळविण्याची विद्या सैन्याला निरुपयोगी झाली. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ प्रदेशात आणि नेदरलंड्स व बेल्जियममधील ब्राबांतच्या जुन्या मंडळांतून ती लोककलेच्या रूपाने उरली. इटलीत तिला सर्वांत पक्का आसरा मिळाला तो सिएना येथे.

सिएना : खंड न पडलेली परंपरा

सिएना हे प्रजासत्ताक १५५५ मध्ये स्पेन आणि फ्लॉरेन्सचे मेदिची घराणे यांच्या संयुक्त सैन्यापुढे पडले. दीर्घ वेढ्यात उपासमारीने जर्जर झालेल्या नगराने शरणागती पत्करली आणि थोड्याच वर्षांत ते फ्लॉरेन्सच्या राज्यात विलीन झाले. मोंताप्पेर्तीच्या विजेत्यांचे स्वातंत्र्य त्यांच्या जुन्या शत्रूने असे संपविले. परराष्ट्रनीती गेली, सैन्य गेले, नाणी पाडण्याचा हक्क गेला. नगरवासियांच्या हाती उरले ते त्यांचे विभाग.

या विभागांना 'कोन्त्रादा' म्हणतात. प्रत्येकाचे स्वतःचे प्रार्थनामंदिर, अधिकारी, सण आणि चिन्ह असते. हंस, लांडगी, गोगलगाय, कासव, साळिंदर, घुबड, सुरवंट, जिराफ अशी ही चिन्हे आहेत. राजकीय सत्ता गमावलेल्या नगराची सारी ईर्ष्या जणू या विभागांच्या परस्पर चुरशीत उतरली. सतराव्या शतकात मोठ्या चौकातील घोड्यांची शर्यत नियमित होऊ लागली. विभागांच्या सीमांवरून सतत भांडणे होत; म्हणून १७२९ मध्ये सिएनाची तत्कालीन प्रशासिका, बव्हेरियाची राजकन्या व्हिओलांते बेआत्रिचे हिने हुकूमनामा काढून विभागांची संख्या सतरा अशी कायम केली आणि त्यांच्या सीमा आखून दिल्या. त्या सीमा आजही पाळल्या जातात.

ध्वजफेकीची कला या विभागांच्या आश्रयाने जगली. ती केवळ पालिओच्या दोन दिवसांपुरती नसते. प्रत्येक विभाग आपल्या संतपुरुषाच्या उत्सवाच्या वेळी नगरभर फिरतो, मित्र-विभागांना मानवंदना देतो आणि त्या वेळी लहानथोर ध्वजधारी आपले कौशल्य दाखवितात. मुले आठदहा वर्षांची होण्याच्या सुमारास लहान ध्वज आणि लहान ढोल घेऊन आळीतच शिकू लागतात. थोरला भाऊ, काका किंवा शेजारी हा त्यांचा गुरू असतो. पालिओच्या मिरवणुकीत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या पथकाला 'मास्गालानो' नावाचे पारितोषिक मिळते. मिरवणुकीच्या शेवटी चार पांढऱ्या बैलांनी ओढलेला कार्रोच्चो येतो. त्यावर विजेत्या विभागाला द्यावयाचे चित्रांकित रेशमी वस्त्र लावलेले असते. पालिओ हा शब्दही मुळात या वस्त्राचाच वाचक आहे. त्यानंतर सतराही विभागांचे ध्वजधारी जुन्या नगरभवनासमोर एकत्र येऊन ध्वज खेळवितात. शर्यतीपूर्वी एकमेकांचे कट्टर वैरी असलेले विभाग या एका क्षणी एका प्रजासत्ताकाचे वारस म्हणून उभे राहतात.

अर्थात सिएनाची परंपरादेखील काळाबरोबर बदलत आली आहे. मिरवणुकीतील मध्ययुगीन थाटाचे पोशाख जुन्या काळापासून जसेच्या तसे चालत आलेले नाहीत. इतिहासाविषयी स्वप्नाळू ओढ असलेल्या एकोणिसाव्या शतकात त्यांना ते वळण लागले आणि विसाव्या शतकात १९२८ व १९५५ मध्ये आणि त्यानंतर २००० मध्ये ते नव्याने शिवण्यात आले. पोशाख बदलले, पण पोशाख घालणारा समाज आणि त्याची शिकविण्याची रीत यांत खंड पडला नाही. दुसऱ्या महायुद्धामुळे बंद पडलेली शर्यत १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२० व २०२१ या दोन वर्षी साथीच्या रोगामुळे ती झाली नाही; २०२२ च्या जुलैत विभागांचे ध्वज पुन्हा चौकात उतरले.

१९३० चे दशक

सिएनाबाहेरील नगरांची कथा निराळी आहे. तेथील जुने खेळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बंद पडले होते. त्यांचे पुनरुज्जीवन झाले ते बहुतांशी १९३० च्या आगेमागे, म्हणजे मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीत. या राजवटीला इटालियन जनतेसमोर पराक्रमी भूतकाळ उभा करावयाचा होता. कामगारांच्या फावल्या वेळावर देखरेख ठेवण्यासाठी १९२५ मध्ये एक सरकारी संघटना स्थापन झाली होती. लोकोत्सवांना उत्तेजन देणे हे तिच्या कामांपैकी एक होते. याच काळात रेल्वे आणि मोटारी यांमुळे प्रवाशांची ये-जा वाढली होती. राजकारण, पर्यटन आणि स्थानिक अभिमान या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

फ्लॉरेन्समध्ये १९३० साली जुना चेंडूचा खेळ पुन्हा सुरू करण्यात आला. १५३० मध्ये नगराला वेढा पडलेला असताना नागरिकांनी शत्रूच्या डोळ्यांदेखत चौकात हा खेळ मांडला होता. त्या प्रसंगाला चारशे वर्षे झाल्याचे निमित्त साधण्यात आले. आरेझ्झो येथे १९३१ मध्ये 'सारासेनची झुंज' पुन्हा भरविण्यात आली. घोडेस्वाराने भरधाव येऊन एका लाकडी पुतळ्याच्या ढालीवर भाला मारावयाचा. पुतळा गरकन फिरतो आणि त्याच्या हातातील चाबकाचा फटका चुकवीत स्वाराने निसटावयाचे, असा हा खेळ आहे. पुतळ्याला 'इंडीजचा राजा' असे नाव आहे. पूर्वेकडील सर्व देश युरोपच्या कल्पनेत कसे एकत्र कालवले गेले होते, याचा हा एक मासला होय.

आरेझ्झोचे उदाहरण बोधप्रद आहे. या खेळाचे जे तपशीलवार नियम उपलब्ध होते ते १६७७ सालचे होते. तरीही पुनरुज्जीवित उत्सवाला वेश देण्यात आला तो चौदाव्या शतकाचा, दान्तेच्या काळाचा. दान्तेने आरेझ्झोच्या भूमीवरील झुंजींचा उल्लेख केलेला आहे आणि तो आधार नगराला अधिक गौरवाचा वाटला. ज्या चौकात हा उत्सव होतो त्याभोवतालच्या काही इमारतींनाही त्या दशकात मध्ययुगीन रूप देण्यात आले. परकीय अंमलाखाली गेलेल्या सतराव्या शतकापेक्षा स्वतंत्र नगरराज्यांचे मध्ययुग राज्यकर्त्यांना आणि नागरिकांनाही जवळचे वाटले, हे त्याचे कारण असावे. उलट उंब्रिया प्रांतातील फोलिन्यो या नगराने १९४६ मध्ये आपली घोडेस्वारांची स्पर्धा सुरू केली तेव्हा १६१३ सालचा आधार घेतला आणि पोशाखही सतराव्या शतकाचेच ठेवले. भूतकाळाची निवड करावी लागते, आणि दोन शेजारी नगरे ती वेगवेगळ्या रीतीने करू शकतात, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

युद्धानंतरचा प्रसार

फॅसिस्ट राजवट कोसळली तरी तिच्या काळात सुरू झालेले उत्सव बंद पडले नाहीत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. युद्धाने थांबविलेले खेळ एकामागून एक पुन्हा सुरू झाले आणि त्यांत नव्यांची भर पडली. आस्कोली पिचेनो येथे १९५५ मध्ये, फाएन्झा येथे १९५९ मध्ये आणि पिएमोंते प्रांतातील आस्ती येथे १९६७ मध्ये असे उत्सव उभे राहिले. फेर्रारा येथील पालिओ १९३३ मध्ये पुनरुज्जीवित होऊन युद्धात थांबला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तोही परत आला. त्याच्या पोशाखांना तेथील स्किफानोइआ प्रासादातील पंधराव्या शतकाच्या भित्तिचित्रांचा आधार मिळाला, तर सानसेपोल्क्रो येथील ध्वजधाऱ्यांनी आपल्याच नगरात जन्मलेल्या पिएरो देल्ला फ्रांचेस्का या थोर चित्रकाराच्या चित्रांवरून वेश घेतले.

या प्रसारामागे एक सामाजिक कारण होते. १९५० ते १९७० या काळात इटलीत झपाट्याने औद्योगिकीकरण झाले. खेड्यांतून आणि दक्षिणेकडून लक्षावधी लोक कारखान्यांच्या शहरांत गेले. जुन्या तटबंदीच्या आतील वस्त्या ओस पडू लागल्या आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखीनासा झाला. अशा वेळी विभागाचे नाव, रंग आणि ध्वज यांनी लोकांना एकत्र येण्यास निमित्त दिले. मध्ययुगात शत्रूच्या भयाने जो शेजार एका निशाणाखाली गोळा होई, तो आता एकाकीपणाच्या भयाने गोळा होऊ लागला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या काळात ध्वजफेकीला एक नवे वळणही लागले. आरेझ्झो येथे १९६० च्या सुमारास ध्वजफेकीचे स्वतंत्र पथक स्थापन झाले. ते कोणत्याही एका विभागाचे नसून साऱ्या नगराचे होते. असली पथके परदेशांत प्रयोग करू लागली आणि ध्वजफेक हा विभागाचा विधी न राहता रंगमंचावर दाखविण्याजोगी कला बनली. पुढे राष्ट्रीय महासंघ झाला आणि 'तेन्झोने आउरेआ', म्हणजे सुवर्णस्पर्धा, या नावाने वार्षिक अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागल्या. एकेरी, दुहेरी, लहान संघ, मोठा संघ आणि वादक असे त्यांचे प्रकार आहेत. एकेरी प्रकारात एकच खेळाडू अनेक ध्वज एकाच वेळी हवेत ठेवतो; मोठ्या संघात डझनभर ध्वज एका तालावर उडतात. ध्वज पडला की गुण वजा होतात. कित्येक नगरांतून आता मुलीही ध्वज घेतात. सिएनाच्या पालिओत मात्र ध्वजधारी परंपरेने पुरुषच असतात.

ध्वज आणि हात

या कलेचे रहस्य ध्वजाच्या घडणीत आहे. कापड रेशमाचे किंवा तत्सम हलक्या कृत्रिम धाग्याचे असते आणि त्याची बाजू सव्वा ते दीड मीटरच्या आसपास असते. दांडा टोकाकडे निमुळता होत जातो. मुठीच्या भागात शिसे भरलेले असते. शिशामुळे साऱ्या ध्वजाचा तोल मुठीजवळ येतो. म्हणूनच एका मनगटाच्या बळावर एवढे मोठे कापड फिरविता येते. ध्वज वर फेकला असता कापडाला हवेचा अडथळा होतो आणि ते मागे राहते. परत येताना जड मूठ प्रथम खाली येते आणि खेळाडूच्या हाती लागते. शिसे कमी पडले तर ध्वज हवेत भरकटतो, जास्त झाले तर मनगट लवकर थकते.

वारा हा ध्वजधाऱ्याचा नित्याचा प्रतिस्पर्धी होय. उंच घरांनी वेढलेल्या चौकात तो कोणत्या बोळातून कधी येईल, याचा नेम नसतो. अनुभवी ध्वजधारी फेकीपूर्वी कापडाची हालचाल पाहून हवेचा अंदाज घेतो आणि त्याप्रमाणे फेकीचा कोन थोडा बदलतो. देवघेवीच्या फेकीत आणखी एक अट असते. आपला ध्वज कोठे जातो, यापेक्षा जोडीदाराचा ध्वज कोठून येतो, इकडे दृष्टी ठेवावी लागते. आपली फेक नीट झाली आहे आणि जोडीदार ती झेलील, हा विश्वास असल्यावाचून ही क्रिया साधत नाही. म्हणून जोड्या वर्षानुवर्षे एकत्र सराव करतात आणि दोघांना एका श्वासात ठेवण्याचे काम ढोल करतो.

खरेपणाचा प्रश्न

मध्ययुगीन म्हणून दाखविली जाणारी ही कला सतराव्या शतकातील ग्रंथांवर उभी असेल, तिचे पोशाख एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत शिवले गेले असतील आणि तिच्या अनेक उत्सवांना एका हुकूमशाही राजवटीचा हातभार लागला असेल, तर तिला खोटी म्हणावे काय? १९८३ नंतर इतिहासकारांत हा प्रश्न विशेष चर्चिला गेला. परंपरा पुष्कळदा जुन्या नसतात, जुन्या भासाव्यात म्हणून त्या रचल्या जातात, असे एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी त्या वर्षी संपादित केलेल्या प्रसिद्ध ग्रंथात अनेक उदाहरणांनी दाखविले होते.

या टीकेत तथ्य आहे आणि नगरांनी ती मानली पाहिजे. आपला उत्सव १९३१ मध्ये कोणी आणि कशासाठी सुरू केला, हे झाकून तो चौदाव्या शतकापासून अखंड चालत आला आहे असे सांगणे ही इतिहासाशी प्रतारणा होय. असे केल्याने त्या उत्सवाचे मोल वाढत नाही. उलट ज्या पिढीने विस्मृतीतून तो वर काढला तिच्या श्रमांवर पडदा पडतो. परंतु परंपरेचा खरेपणा केवळ तिच्या वयावर मोजावयाचा काय, याचाही विचार व्हावयास हवा. सिएनातील ध्वजफेक जुनी आहे म्हणून जिवंत राहिली, असे नव्हे; ती शिकविणारा आणि शिकणारा शेजार जिवंत राहिला, म्हणून ती जुनी होऊ शकली. फाएन्झा किंवा आस्ती येथील ध्वजफेकीचे वय कमी असले तरी तेथेही आता आजोबांनी हाती घेतलेला ध्वज नातवंडे खेळवीत आहेत. प्रवाशांसाठी मांडलेला देखावा आणि रहिवाशांची रीत यांत फरक पडतो तो येथेच. पाहणारे निघून गेल्यावरही ज्या आळीत हिवाळ्याच्या संध्याकाळी ढोल वाजत राहतो, तेथे परंपरा आहे. जेथे तो थांबतो, तेथे केवळ वेश आहे.

मोंताप्पेर्तीच्या रणांगणावर ध्वज खाली येणे म्हणजे पराभव होता. आज तो खाली आला तर काही गुण जातात, फार तर आळीची मान खाली जाते. एवढ्या दीर्घ प्रवासात ध्वजामागची हिंसा गळून पडली आणि तो पडू न देण्याची जबाबदारी तेवढी शिल्लक राहिली. ध्वज उंच फेकणाऱ्या तरुणाच्या हातून तो सुटलेला असतो, तरी त्याचा भार त्याच्यावरून उतरलेला नसतो. समोरच्याने तो झेलल्यावरच तो मोकळा होतो.